परिषद-साम्यवाद आणि मुंबईच्या गिरणी समित्या (१९२८-२९) : एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना : क्रांतीचे सूत्र पक्षाच्या हाती असावे की प्रत्यक्ष कामगारांच्या, या प्रश्नावर पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील डाव्या चळवळीत फूट पडली. जर्मनी व हॉलंडमध्ये त्यातून परिषद-साम्यवाद हा प्रवाह पुढे आला. पानेकूक, गोर्टर व ऱ्यूले हे त्याचे प्रमुख विचारवंत होत.

वैचारिक भेद : लेनिनवादात सोव्हिएतांना स्थान असले तरी नेतृत्व शिस्तबद्ध पक्षाकडे असते. सिंडिकेटवाद कामगार संघटनेलाच क्रांतीचे साधन मानतो. परिषद-साम्यवादाने मात्र कारखान्यात निवडलेल्या व केव्हाही परत बोलावता येणाऱ्या प्रतिनिधींच्या परिषदांवर भर दिला. पक्षाची गरज किती, याबाबत या विचारवंतांतही मतभेद होते. ऱ्यूले यांनी तर पक्षच नाकारला. लेनिन यांनी १९२० मध्ये या प्रवाहावर टीका केली आणि गोर्टर यांनी त्याच वर्षी खुल्या पत्राने तिला उत्तर दिले.

मुंबईचा अनुभव : एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. संपकाळातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. संपानंतर तिच्या गिरणी समित्या वाढल्या. वर्गणी गोळा करणे, गाऱ्हाणी ऐकणे व व्यवस्थापनाशी बोलणी करणे ही कामे त्या करीत. कामगार व मालक यांच्यातील जॉबरच्या मध्यस्थीला त्यामुळे संघटित पर्याय मिळाला.

रूपाने या समित्या युरोपातील परिषदांशी मिळत्याजुळत्या होत्या. परंतु त्या युनियनला पर्याय नव्हत्या, तिच्याच शाखा होत्या. उत्पादनाचा ताबा हे त्यांचे तातडीचे उद्दिष्ट नव्हते. २० मार्च १९२९ रोजी डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर यांच्यासह कामगार नेते आळवे व कासले यांनाही मीरत खटल्यासाठी अटक झाली. तरीही वाडिया गिरण्यांतील बडतर्फ कामगारांच्या प्रश्नावर एप्रिलमध्ये दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला. सप्टेंबरपर्यंत तो मोडला.

निष्कर्ष : नेते तुरुंगात असताना संप उभा राहिला, यावरून कामगारांच्या स्वयंशक्तीचा प्रत्यय येतो. परंतु तो टिकला नाही, याचा दोष केवळ पक्षनेतृत्वावर टाकता येत नाही. जर्मनीतील परिषदा नोव्हेंबर १९१८ मध्ये राजसत्ता कोसळताना उभ्या राहिल्या. मुंबईत वसाहतिक सत्ता अभंग होती आणि समितीच्या सदस्याला नोकरीचीही शाश्वती नव्हती. म्हणूनच परिषद आणि पक्ष यांचे मूल्यमापन करताना त्यांच्यासमोरील सत्तेचे बळही लक्षात घेणे आवश्यक ठरते.