माळ फोडणाऱ्याचं शील

मागच्या व्याख्यानात पंचशीलाचा विषय होता. भाषण संपलं आणि इंदापूरकडचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या आज्यानं माळ फोडून चार एकर रान केलं. त्यात ससे, घोरपडी, वारुळं, काय काय गेलं असेल. घरात बुद्धाचा फोटो आहे. मग पहिलं शील मोडलं का नाही?" आम्ही "हेतू महत्त्वाचा असतो" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर लाज वाटली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि नेमका खरा प्रश्न समोर आला तेव्हा आम्ही निसटलो. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

प्रथम तो माळ काय होता ते पाहू. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. इथे जंगल म्हणजे सागाचं किंवा साताऱ्याच्या घाटातलं दाट झाडीचं जंगल नव्हे. इथलं जंगल म्हणजे गवत. कुसळीचा माळ, मध्ये हिवर, बोर, बाभळी. त्यावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि पावसाळा लागला की परतणारी धनगरांची मेंढरं. महसूल खात्याने या सगळ्याला एकच शब्द लावला, 'पडीक'. हा शब्द नीट ऐका. जिथे काही नाहीच, तिथे काही नष्ट होत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग हिशेब कोण ठेवणार? सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, तेही सुमारे पाच चौरस किलोमीटरचं. इंदापुरात कडबनवाडीला अजून चिंकारा दिसतो. बाकी माळ कुठे गेला?

कुऱ्हाडीच्या आधी तिथे पाणी पोचलं. १८७६-७७च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कागदावर तो दुष्काळ निवारणाचा कालवा होता, ज्वारी-बाजरी वाचवायला. पण बारमाही पाण्याला बाजरी फार काळ पुरत नाही, त्याला ऊस लागतो. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला, आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मोठे मळे उभे राहिले. हजारो एकर फुटले. तेव्हा कोणी शिलाचा प्रश्न विचारला नाही. त्या मुलाच्या आजोबांच्या चार एकरांना मात्र तो लागू होतो. गंमतच आहे.

आता ग्रंथांकडे वळू. विनयपिटकात आळवीची एक गोष्ट येते. भिक्खू विहार बांधायला झाडं तोडत होते. एका झाडावरची देवता म्हणाली, माझं घर पाडून स्वतःचं घर बांधू नका. भिक्खूने ऐकलं नाही. कुऱ्हाड चालली, तिच्या बाळाच्या हाताला लागली. ती संतापली. पण त्याला मारण्याऐवजी ती बुद्धाकडे गेली. बुद्धाने दोन गोष्टी केल्या. तिला दुसरं रिकामं झाड दाखवलं, आजच्या भाषेत पुनर्वसन म्हणा. आणि हिरवी वनस्पती तोडू नये असा नियम केला. हा नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांसाठी नाही. का? भिक्खूला भिक्षा मिळते. त्याच्या पोटाची सोय दुसऱ्याच्या नांगराने झालेली असते. ज्याचं पोट दुसरा भरतो, त्याच्यावरचा नियम जास्त कडक! पेन्शनवर जगणाऱ्या आमच्यासारख्याने हे विशेष लक्षात ठेवावं.

मग गृहस्थाचं काय? दीघनिकायातलं कूटदन्त सुत्त पाहा. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा आहे, आणि राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्यात. पुरोहित सांगतो की मारझोड करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पगार द्या. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तातही राजाने निर्धनांना धन दिलं नाही, तिथूनच चोरी सुरू होते आणि मग हत्या. आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गरिबाने काय करू नये याची यादी इथे मुळात नाही. ज्याच्या हातात देणं आहे, त्याला आधी प्रश्न विचारला आहे.

याचा अर्थ गवतातल्या जिवांची किंमत शून्य, असा नाही. अश्वघोषाच्या बुद्धचरितात, पाचव्या सर्गात, तरुण सिद्धार्थ नांगरलेलं शेत पाहतो. उपटलेलं गवत, मेलेले किडे बघून त्याला आप्त गेल्यासारखं दुःख होतं. पण तो तिथेच थांबत नाही. उन्हावाऱ्याने रापलेले नांगऱ्यांचे चेहरे आणि थकलेले बैलही त्याला दिसतात. एकच करुणा दोघांसाठी. आपल्याकडे मात्र वाटणी झाली आहे. काहींना फक्त चिंकारा दिसतो, काहींना फक्त नांगऱ्या.

अशोकाचा पाचवा स्तंभलेख अधिक व्यवहारी आहे. वनं विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी जाळू नयेत, असं तो सांगतो. 'विनाकारण' हा त्यातला कळीचा भाग. कारण असेल तर? आणि कारण खरं की खोटं, हे ठरवणार कोण? याच अशोकाने तेराव्या शिलालेखात अटवीतल्या लोकांना करुणेबरोबर आपल्या बळाचीही आठवण करून दिली आहे. त्यामुळे भाबडं होण्याचं कारण नाही.

आता स्वातंत्र्यानंतर. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर तीन वर्षांत दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. नंतर १९६४-६५ साली तो देशभर झाला, हजारो माणसं तुरुंगात गेली. मागणी होती सरकारी पडीक जमिनीची. इथे आम्ही थोडं स्पष्ट बोलतो. नव्याने बौद्ध झालेल्या या माणसांना कालव्याखालची काळी जमीन कोणी देऊ केली नव्हती. त्यांच्या वाट्याला वादात ठेवता आलं ते गायरान, म्हणजे गावाची गुरं चरायची जागा. त्यामुळे भूमिहीन बौद्ध आणि भूमिहीन धनगर एकाच माळावर समोरासमोर आले. ऊसवाला लांब राहिला.

दुसरा रस्ता नव्हता का? होता, इंदापुरातच होता. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खाजगी कारखान्यांचे मळे काढून घेतले गेले. १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झालं. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे त्याचे मळे. आधीच फोडलेली, पाणी असलेली जमीन सरकारच्या हातात होती! पुढे ती खंडकरी शेतकऱ्यांच्या वारसांना परत करायचं ठरलं. त्यांचा हक्क होता, आम्ही तो नाकारत नाही. पण त्या मळ्यांवर राबलेले कामगार राहत्या घरासाठी दोन-दोन गुंठे मागत राहिले. महाविजिताच्या पुरोहिताला काय वाटलं असतं?

तर त्या मुलाचं उत्तर. आजोबांच्या हातून जीव गेले, हे खरं. ते झाकू नये, "त्याला काय होतंय" म्हणू नये. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, आणि त्यांची चेतना पोरांच्या पोटाची होती. पण आम्ही परवा तेवढंच बोललो, ते अपुरं होतं. त्या माळावर त्यांना ढकलणारा निर्णयही कर्मच आहे, आणि तो आजोबांच्या खात्यावर टाकता येत नाही. राज्याने १९७८ आणि १९९१ साली अशी काही अतिक्रमणं नियमित करण्याचे निर्णय घेतले, तरी पुष्कळांची सातबाऱ्याला नोंद झाली नाही. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना जमीनच धरू दिली नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? आणि आज त्याच प्रकारची गायरानं सौर प्रकल्पांना दिली जातात, तेव्हा कारण पुरेसं धरलं जातं.

उरलेल्या माळाचं म्हणाल, तर आमचं मत असं की तो आता फोडू नये, गरिबाच्या नावानेही नाही. त्यावर खड्डे खणून झाडं लावण्याची हौसही आवरावी. गवताळ रानाला ती झाडं मारक ठरतात. पण हे सांगताना जमीन दुसरीकडून काढून द्यावी लागेल. देवतेलासुद्धा बुद्धाने आधी दुसरं झाड दाखवलं होतं.

तो मुलगा आज मागच्या रांगेत बसला आहे. आजोबांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या पिशवीत घेऊन आला आहे. अतिक्रमणाचा दंड हाच वहिवाटीचा पुरावा, असा आपला कारभार! भाषणानंतर त्या आम्हाला बघायच्या आहेत. आता प्रश्न घेऊ.