पहिली ड्युटी कुठं?

भाची यंदा बी.एस्सी. नर्सिंग झाली. निकालानंतर तिसऱ्या दिवशी कर्जतला आमच्याकडे आली आणि चहाचा कप बाजूला सारून तिनं तीन कागद पुढ्यात मांडले. एक पनवेलकडच्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलचा, दुसरा सरकारी दवाखान्यातल्या कंत्राटी जागेचा, तिसरा खोपोलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलचा. "आत्या, कुठं जॉइन होऊ?"

मी १९८६ साली जनरल नर्सिंग पास झाले. सगळी सरकारी नोकरी याच भागात केली आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. तरी तिला लगेच उत्तर देता येईना. आमच्या कर्जत-खालापुरात मुलीनं असे तीन कागद समोर ठेवून विचार करावा, ही गोष्टच इतकी नवी आहे.

माझ्या मते या गोष्टीची सुरुवात रेल्वेपासून करायला हवी. पळसदरीहून खोपोलीपर्यंत गाडी पोचली ती १२ मे १८५६ रोजी. १२ मे म्हणजे फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांचा वाढदिवस, आज आम्ही परिचारिका दिन पाळतो तो. त्या दिवशी बाई क्रिमियातच होत्या, मायदेशी परतल्या त्या ऑगस्टमध्ये. इकडे खोपोलीच्या डोक्यावर बोरघाट फोडायचं काम सुरू झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडलं नाही, काम पुढं चालवलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० च्या वर माणसं राबत होती. पटकीच्या साथी झोपड्यांमधून फिरत होत्या. त्यात किती मजूर गेले असतील याचा विचार मी घाटातून जाताना दर वेळी करते. शिकलेली परिचारिका त्यांच्या उशाशी असणं शक्यच नव्हतं, कारण नाईटिंगेल यांची लंडनमधली शाळाच मुळी १८६० ची. घाट खुला झाला १८६३ मध्ये. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याविषयीचा शाही आयोगाचा अहवालही त्याच वर्षीचा, आणि त्यामागं नाईटिंगेल यांचे कष्ट होते. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांतलं पाणी, गटारं, मृत्यूंचे आकडे मागवून मागवून त्यांनी तपासले.

आपल्याकडची बाई या कामात आली ती नंतर. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून आम्हाला शिकवलं होतं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदनाच्या मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. विधवा, परित्यक्ता मुली होत्या त्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून लोक नावं ठेवत. रमाबाईंनी ते सोसलं, मुलींनी त्याहून जास्त सोसलं. घाटाच्या वर ससून, खाली जेजे आणि कामा, दोन्हीकडे गाडी जात होती. आमच्या गावांमधून मात्र त्या गाडीनं दूध, भाजी आणि गवताचे भारे जायचे. मुली जात नव्हत्या. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. भोर समितीनं १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात ४३,००० माणसांमागं एक परिचारिका होती.

१९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं निघू लागली, आणि मग आमच्याकडे नर्सबाई आल्या. आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र, असा पुढं नियम झाला. पण कुठलं उपकेंद्र हे बाई ठरवत नसे. ऑर्डर यायची. ट्रंक उचलायची आणि एसटी जिथवर जाते तिथवर जायचं, पुढं चालत. माझ्या आईच्या आठवणीतल्या नर्सबाई कडावच्या पुढं ठाकूरवाड्यांमधून एकट्या फिरायच्या, पायात रबरी चपला आणि हातात रॉकेलची बत्ती. त्यांना कुणी विचारलं नसेल, तुम्हाला कुठं काम करायला आवडेल म्हणून.

मला विचारलं गेलं, आणि मी चुकले. सरकारी ऑर्डर यायला वेळ होता म्हणून तालुक्याबाहेरच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागले. पगार बरा होता आणि राहायला खोली होती, वडिलांना तेवढं पुरे होतं. दुसऱ्याच आठवड्यात मला नाइट लावली, एकटीला. मजल्यावर अठरा पेशंट. पहाटे तीनच्या सुमाराला एका बाळंतिणीची चादर ओली दिसली. वार नीट पडली होती, संध्याकाळी सगळं ठीक होतं. मला कळायला पाच मिनिटं लागली. पोटावरून गर्भाशय चोळत मी मेथर्जिनसाठी कपाटाकडे बघितलं तर कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आयामावशी अनवाणी धावत डॉक्टरांच्या घरी गेल्या. बाई वाचली. तिच्या नवऱ्यानं सकाळी मला पेढा दिला, तो मला गिळवेना.

महिन्याभरात मी ती नोकरी सोडली. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी ठेवून घेतली होती, ती परत मिळवायला वडिलांना चार खेपा घालाव्या लागल्या.

मग ऑर्डर आली, आरोग्य केंद्राची. सहा खाटा, भिंतींना पावसाळ्यात बुरशी. तिथल्या मोठ्या सिस्टरनी मला पहिल्या दिवशी काहीही करू दिलं नाही. फक्त सगळी कपाटं उघडून दाखवली, आणि मग डोळे मिटून सांगायला लावलं, सलाईन कुठं, सर्पदंशाची लस कुठं, किल्ली कुठल्या खिळ्याला. पहिल्या वीस बाळंतपणांना त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. लावणीच्या दिवसांत साप चावलेली माणसं यायची, कधी चिखलाच्या पायांनी डोलीतून. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी बाया यायच्या, नववा महिना आणि एकही तपासणी नाही. माझं खरं शिक्षण तिथं झालं. लहान जागा कमी शिकवते असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचू चावून माणसं मरताना त्यांनी पाहिली आणि रात्र रात्र खाटेशेजारी बसून नोंदी केल्या. प्राझोसिनचा उपचार त्यातून जगापुढं आला.

माझ्या डोळ्यांदेखत हा भाग बदलला. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, खालापूर-खोपोलीच्या दवाखान्यांत मध्यरात्री अपघाताचे पेशंट येऊ लागले. २००५ नंतर आशाताई आल्या, घरची बाळंतपणं कमी झाली. २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली, आणि डोली मागं पडू लागली. मुली बारावी झाल्या की नर्सिंगला जातात. कर्जत लोकल त्यांना रोज मुंबईपर्यंत नेते, रात्रपाळी करून खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या मी कितीतरी बघते. शिकलेल्या हातांना ही लाईन बाहेर ओढते, याचं मला दुःख आहे. काशेळे-खांडसच्या बाजूला त्याच हातांची गरज आहे. पण म्हणून मी भाचीला गावातच राहा असं सांगणार नाही.

तिला मी एवढंच म्हटलं की पगाराचा आकडा आज बघू नकोस. तिन्ही ठिकाणी विचारून ये: पहिले तीन महिने माझ्याबरोबर कोण असेल? रात्री एका सिस्टरमागं किती पेशंट? मूळ प्रमाणपत्रं मागतात का? मागत असतील तर तिथंच उठ.

"असं तोंडावर विचारलं तर उद्धट म्हणतील ना, आत्या?"

"म्हणू देत."

पनवेलवाल्यांनी प्रमाणपत्रं मागितली. तो कागद तिनं स्वतःच फाडला. उरलेल्या दोन ठिकाणी आम्ही बुधवारी आणि गुरुवारी जाणार आहोत, रात्री पावणेआठला. दिवसपाळी सुटते आणि रात्रपाळी लागते त्या वेळी वॉर्डाच्या दारात उभं राहायचं. किती जणी जातात, किती जणी येतात ते मोजायचं. ओव्हर देताना जुनी सिस्टर खाटेपाशी थांबून बोलते की टेबलावरूनच वही सरकवते, तेही बघायचं. बुधवारी खोपोली. परतीची लोकल चुकली तर पुढचीला बराच वेळ आहे, म्हणून दोघींचा डबा मीच करून घेणार आहे.