उंचीची पट्टी आणि बालवाडीतले मूल : डिस्नेलँडच्या इतिहासाची एक बाजू

करमणुकीच्या बागा युरोपात फार जुन्या असल्या, तरी एखादी कथा किंवा कल्पना सूत्र म्हणून धरून रस्ते, इमारती, पाळणे आणि कर्मचाऱ्यांचे पोशाखसुद्धा तिच्याभोवती रचणारी बाग, म्हणजे आज ज्याला थीम पार्क म्हणतात ती, विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आकाराला आली. आणि तिच्या जन्मामागे यंत्रांच्या प्रगतीइतकाच एक घरगुती प्रश्न होता. तीन ते पाच वर्षांचे, म्हणजे बालवाडीच्या वयाचे मूल आणि त्याचे आईवडील यांना एकाच वेळी एकाच गोष्टीत रमता येईल, असे ठिकाण तेव्हाच्या शहरांत जवळजवळ नव्हते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलेले डिस्नेलँड त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभे राहिले. त्याचा इतिहास सहसा चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने यांच्या धाडसाचा म्हणून सांगितला जातो. लहान मुलाच्या बाजूने पाहिले, तर तो मूल आणि पालक एकत्र रमतील या वचनाचा आणि त्या वचनाला पुढे गेलेल्या तड्याचा इतिहास ठरतो.

आधीच्या बागांची मांडणी पाहिली, की प्रश्नाचे मूळ कळते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या किनाऱ्यावर १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क आणि १९०३ मध्ये लूना पार्क उघडले, ते मुख्यतः शहरातल्या कमावत्या तरुणांसाठी. गर्दी, धक्के आणि रात्रीची रोषणाई यांवर त्यांचा धंदा चाले आणि लहान मुलाची तिथे अडचणच होई. त्यावर उपाय म्हणून ‘किडीलँड’ या नावाने ओळखली जाणारी, केवळ मुलांसाठीची छोटी मैदाने निघाली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील किडी पार्क १९२५ चे आहे. तिथल्या मोटारी आणि होड्या मुलांच्याच मापाच्या असल्याने मूल आत एकटे बसे आणि आईबाप कुंपणाबाहेर उभे राहून हात हलवीत. एका बागेत मूल उपरे, तर दुसरीत पालक. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील मेरी-गो-राउंडवर, म्हणजे लाकडी घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर, नेत आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसत. मोठ्यांनी नुसते बसून का राहावे, हा विचार तिथेच सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले. कोपनहेगनमधील १८४३ पासूनच्या टिव्होली बागेला त्यांनी १९५१ मध्ये भेट दिली, तेव्हा स्वच्छता आणि सहकुटुंब वावर एकत्र नांदू शकतात, याचा पुरावाच त्यांच्या हाती आला.

कल्पनेचा आणखी एक झरा ओकलंडमध्ये होता आणि तो इतिहासात पुरेसा नोंदला जात नाही. तिथल्या लेक मेरिट तलावाकाठी १९५० मध्ये चिल्ड्रन्स फेअरीलँड ही बाग उघडली. बालगीतांमधली घरे आणि प्राणी तिथे मुलांच्या उंचीला बेतून बांधले होते, आणि बुटात राहणाऱ्या म्हातारीच्या गाण्यावरून केलेल्या भल्यामोठ्या बुटाचे दार इतके ठेंगणे होते, की मूल सरळ चालत जाई आणि मोठ्यांना वाकावे लागे. (मुंबईच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट याच इंग्रजी बालगीतातून आला आहे.) मूल बरोबर नसेल, तर प्रौढाला आत प्रवेशच नाही, असा या बागेचा नियम आहे. वॉल्ट डिस्ने यांनी ही बाग पाहिली आणि तिच्या पहिल्या संचालिका डोरोथी मेन्स यांना डिस्नेलँडमध्ये नोकरी दिली. लहान मुलाच्या डोळ्यांची पातळी हेच मोजमाप मानणारी दृष्टी त्यांच्यासोबत मोठ्या बागेत आली, असे म्हणायला जागा आहे.

ॲनाहाइममधील संत्र्यांच्या बागांच्या सुमारे १६० एकर जमिनीवर जुलै १९५४ मध्ये सुरू झालेले काम एका वर्षात उरकले आणि खर्च १७० लाख डॉलरवर गेला. परीकथांच्या ‘फँटसीलँड’ या विभागाच्या मधोमध जे मेरी-गो-राउंड बसवले, ते डेंटझेल कंपनीने १९२२ मध्ये घडवलेले आणि टोरांटोच्या सनीसाइड बागेतून विकत आणलेले होते. मूळ रचनेत घोड्यांखेरीज इतर प्राणी होते आणि बसायला बाकेही होती. प्रत्येक मुलाला उड्या मारणारा घोडाच हवा असतो, हे जाणून सर्व जागी घोडे बसवले गेले आणि बाकांचे लाकडी भाग केसी ज्युनियर या छोट्या आगगाडीच्या डब्यांना लागले. मुलाची हौस अचूक ओळखली गेली, यात शंका नाही. परंतु कडेवर तान्हे बाळ असलेल्या आईची किंवा गुडघे धरलेल्या आजोबांची बसायची जागा त्या फेरबदलात गेली. ती परत यायला २००३ उजाडले. घोड्यांची एक रांग काढून तिथे बाक बसवले, तेही मुख्यतः अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी.

याच विभागात तीन ‘डार्क राइड’ होत्या. डार्क राइड म्हणजे रुळांवरच्या लहान गाडीतून अंधाऱ्या इमारतीतले, खास दिव्यांनी उजळलेले देखावे पाहत जाण्याची सफर. त्यांपैकी स्नो व्हाइट या परीकथेच्या सफरीत प्रवाशानेच नायिका व्हावे, म्हणून तिची आकृती कुठेही ठेवली नव्हती. पाहणाऱ्यांना मात्र ती का दिसत नाही हेच कळेना, आणि चेटकीण तेवढी वळणावळणावर भेटे. चित्रपट पाहताना आईच्या कुशीत तोंड लपवता येते, पण चालत्या गाडीत पुढचे वळण टळत नाही. कल्पना आणि वास्तव यांतली रेषा ज्याच्या मनात अजून पक्की झालेली नाही, अशा चार वर्षांच्या मुलाला ही भीती सोसत नाही, ही गोष्ट व्यवस्थापनाने हळूहळूच मान्य केली. १९८३ च्या नूतनीकरणात स्नो व्हाइटची आकृती आली आणि सफरीच्या नावातच ‘भीतिदायक’ या अर्थाचा शब्द घालून पालकांना सावध केले गेले. २०२१ मध्ये ते नाव बदलून शेवट आनंदाचा करण्यात आला. एवढ्या बदलाला ६६ वर्षे लागली.

मूळ वचनाला खरा तडा गेला, तो वेगामुळे. १९५९ मध्ये नळीच्या आकाराच्या पोलादी रुळांवरून धावणारे मॅटरहॉर्न हे रोलर कोस्टर सुरू झाले आणि १९७७ मध्ये अंधारात धावणारे स्पेस माउंटन आले. वेगवान गाडीत प्रवाशाला जागेवर धरून ठेवणारा दांडा मोठ्या शरीराच्या मापाने बेतलेला असतो. त्याखालून लहान शरीर निसटू शकते, म्हणून किमान उंचीची अट घालावी लागते आणि ती घालणे योग्यच आहे. स्पेस माउंटनसाठी ती आज १०२ सेंटिमीटर, तर मॅटरहॉर्नसाठी १०७ सेंटिमीटर आहे. तीन वर्षांच्या मुलाची सर्वसाधारण उंची ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि चार वर्षांचे मूल जेमतेम १०२ च्या उंबरठ्यावर पोहोचते. त्यामुळे दारातल्या पट्टीपाशी टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या मुलाला कर्मचारी नम्रपणे नकार देतो आणि कुटुंबाची तिथेच फाळणी होते.

तिकिटांच्या पद्धतीनेही हा भेद वाढवला. ऑक्टोबर १९५५ पासून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा प्रतींच्या कुपनांची पुस्तके विकली जात. मेरी-गो-राउंडला सर्वांत स्वस्त ‘ए’ कुपन लागे, आणि १९५९ मध्ये आलेले ‘ई’ कुपन सर्वांत महाग असे. लहान मुलांचे कुटुंब निदान स्वस्त कुपनांवर दिवस काढू शकत होते. १९८२ मध्ये कुपने बंद होऊन सरसकट एकच प्रवेशमूल्य आले, आणि ज्या गाड्यांत मुलाला बसताच येत नाही, त्यांचाही खर्च त्याच्या तिकिटात मिसळला.

पुढे डागडुजीचे प्रयत्न झाले, हे नोंदवलेच पाहिजे. ‘रायडर स्विच’ या सोयीत एक पालक मुलापाशी थांबतो आणि आत गेलेला परतल्यावर थांबलेला पुन्हा लांब रांग न लावता आत जातो. सोय उपयोगी आहे, मात्र ती मोठ्यांची अडचण दूर करते, मुलाला आत नेत नाही. मुख्य रस्त्याच्या टोकाशी असलेल्या बालसंगोपन केंद्रात मुलांच्या मापाची ठेंगणी शौचकुपे, अंगावर पाजण्यासाठी शांत खोली आणि लंगोट बदलण्याची जागा आहे. थकलेल्या कुटुंबाला त्याचे मोल एखाद्या पाळण्यापेक्षा जास्त वाटते. सर्वांत शहाणपणाची सुधारणा फ्लोरिडातील भगिनी-बागेत २०१२ मध्ये झाली. तिथे डम्बो या उडत्या हत्तींच्या पाळण्यासाठी रांगेत ताटकळण्याऐवजी मुले तंबूत खेळू लागली आणि पाळी आल्याची सूचना पालकांच्या हातातले यंत्र देई. चार वर्षांच्या मुलाला वेगापेक्षा वाट पाहणे जड जाते, हे इथे बांधकामाच्या पातळीवर मान्य झाले. याउलट मे २०१९ मध्ये ७९ सेंटिमीटरहून रुंद बाबागाड्यांना बंदी आली. वाढत्या गर्दीत रस्ते मोकळे ठेवणे हा तिचा हेतू होता.

आज डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, आणि तीन ते नऊ या वयोगटाचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा थोडेच स्वस्त असते. तीन वर्षांचे मूल आणि त्याची आजी शेजारी शेजारी बसू शकतील, अशा तिथल्या गाड्या आणि पाळणे मोजायला घेतले, तर त्यांतले बरेचसे १९५५ मध्येच बसवलेले निघतात.