झाडाशी झाड ताडताना

बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांचा 'डिफ' हा प्रोग्राम १९७४च्या युनिक्समध्ये आला. दोन फायलींत एकाच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका तो शोधतो. उरल्या त्या ओळी म्हणजे फरक. प्रोग्रामच्या मजकुराला हे छान पुरतं. पण इयत्तेच्या पोटात तुकडी आणि तुकडीच्या पोटात विद्यार्थी, अशी एक्सएमएल फाइल दिली की त्याची पंचाईत होते. एक मुलगी 'अ' तुकडीतून 'ब'मध्ये गेली, तर तो सांगणार, इथलं एक नाव गेलं, तिथे एक नवं आलं. सगळ्या इयत्तांना बाहेरून 'शाळा' असं एक आवरण घातलं, तर प्रत्येक ओळ थोडी आत सरकते आणि जवळजवळ अख्खी फाइल बदललेली दिसते.

फाइल ओळींची न मानता झाडासारखी मानायची, ही वाट १९७०च्या दशकातच पडली होती. कुओ-चुंग ताई यांनी १९७९मध्ये एका झाडाचं दुसरं झाड करायला कमीत कमी किती फेरफार लागतील, हे काढण्याची रीत दिली. ती फार महागडी होती. काइझोंग झांग आणि डेनिस शाशा यांनी १९८९मध्ये ती बरीच स्वस्त केली. मात्र फांद्यांचा क्रम मोलाचा नसेल, तर हाच प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवायची रीत कोणालाच ठाऊक नसलेला, ठरतो, हेही १९९२मध्ये सिद्ध झालं. आणि डेटाच्या फायलींत क्रमाला बहुधा काही मोल नसतं!

माझ्या मते खरं वळण १९९६चं, स्टॅनफर्डमधलं. सुदर्शन चवाथे, आनंद राजारामन, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि जेनिफर विडम यांनी कामाचे दोन भाग केले: आधी कोण कोणाचा जोडीदार ते ठरवा, मग फेरफार लिहा. दोन फांद्यांची निम्म्याहून अधिक पानं जुळली, तर फांदी तीच. सर्वांत कमी फेरफारांचा हट्ट दर वेळी पुरा होईलच असं नाही, पण काम झपाट्याने होतं. शिवाय 'हलवलं' हा फेरफार हिशेबात आला आणि तुकडी बदललेली मुलगी एकदाची तीच मुलगी राहिली.

दोन प्रती एक करायच्या, तर एवढ्यावर भागत नाही. एक नाव माझ्या प्रतीत आहे, तुमच्यात नाही. मी ते घातलं की तुम्ही खोडलं? दोन्ही प्रती कितीही न्याहाळल्या तरी हे कळत नाही. त्यासाठी दोघींच्या आधीची मूळ प्रत हवी. युनिक्समधलं 'डिफ३' ती तिसरी फाइल मागतं. फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या, २००५च्या गिटनेही हीच रीत उचलली, आणि वर प्रत्येक फोल्डरला त्याच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश दिला. हॅश जुळला की त्या फांदीत उतरायचंच नाही.

राहिलं फेरफार लिहून ठेवणं. एक्सएमएलसारख्याच पोटात पोट असलेल्या जेसन फायलींतले फेरफार लिहायचं प्रमाण, 'जेसन पॅच', २०१३मध्ये ठरलं. पण त्यात यादीतल्या नोंदीचा पत्ता म्हणजे तिचा क्रमांक. मध्यंतरी कोणी वर एक नाव घुसवलं, की तिसऱ्याला काढायचं फर्मान भलत्याच्याच डोक्यावर बसतं. म्हणून त्यात 'टेस्ट' अशी आज्ञा आहे: त्या जागी अपेक्षित मूल्य आहे का ते आधी पाहा, नसेल तर सगळाच पॅच रद्द.