रानपिंगळा आणि एक खोटी नोंद

लडाख असो वा कच्छ, प्रत्येक बदलीत दुर्बीण आणि पक्ष्यांची वही माझ्याबरोबर असते. तारीख-ठिकाण लिहिताना ब्रिटिश फौजेतला कर्नल माइनर्ट्झहागेन आठवतो.

रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ मध्ये खानदेशात मिळाला होता. कर्नलसाहेबांनी मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला एक मिळवल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तो जेम्स डेव्हिडसन यांचा, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला जुना नमुना होता. फक्त चिठ्ठी नवी. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली आणि जुन्या, खऱ्या नोंदींवरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या चमूला रानपिंगळा दिसला.

गस्तीचा अहवाल असो वा पक्ष्यांची वही, जिथे पाहिलं तेच ठिकाण लिहावं. मागून येणारा त्याच भरवशावर चालत असतो.