पायंडल

इंग्रजी ‘पेडल’ फ्रेंच-इटालियनमार्गे लॅटिनच्या ‘पेस’, म्हणजे पाय, या शब्दापर्यंत जातो. संस्कृत ‘पद’ त्याचाच भाऊबंद. मराठी सायकलवाल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ‘पायंडल’ करून पाय पुन्हा उघडपणे शब्दात आणला. नव्या शब्दाने मात्र चकवलं: ‘क्लिपलेस’.

नाव क्लिपविरहित, आणि बूट तर खटकन अडकतो! पूर्वी पायंडलाला चवड्यासाठी पिंजरा आणि पट्टा असे. त्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून ‘क्लिपलेस’. स्कीच्या बांधण्या बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने 1984 मध्ये असे पायंडल आणले आणि 1985 मध्ये बर्नार्ड इनो त्यावरच टूर द फ्रान्स जिंकला. डोंगरी सायकलींसाठी शिमानो कंपनीचे एसपीडी पायंडल 1990 मध्ये आले. त्यात क्लीट, म्हणजे पायंडलात अडकणारी पट्टी, बुटाच्या तळात खोल बसते, त्यामुळे चालता येतं.

मुंबईहून अलिबागकडे जाताना रेवस बंदरावर चालणं टळत नाही. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचं, सायकल खांद्यावर घेऊन ओल्या पायऱ्या चढायच्या. ओहोटीला गाळ, पुढे वाळू. चिखल क्लीटमध्ये भरला की ती बसतही नाही. अलिबागपर्यंत डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने एसपीडी जरूर लावावीत. खडकाळ उतारावरही त्यांच्यामुळे पाय एका जागी राहतो, हे खरं. पण आडवाटेला नुकतंच लागणाऱ्याने पिना असलेलं रुंद, सपाट पायंडल आणि मऊ तळाचे बूट घ्यावेत. तोल गेला की पाय लगेच जमिनीवर टेकतो.