एल्विसचे दोन खंड

एल्विस प्रेस्ली हे नाव गोव्यात परके नाही. सासष्टीत किंवा बार्देशात हिंडताना एखादा तरी एल्विस भेटतोच! पण ज्या गायकामुळे हे नाव जगभर गेले, त्याच्या चरित्रापुढे समीक्षकांनी मान तुकवायला १९९४ साल उजाडावे लागले. पीटर गुरालनिक यांचा ‘लास्ट ट्रेन टू मेम्फिस’ हा पहिला खंड त्या वर्षी आला. त्याला राल्फ ग्लीसन यांच्या नावाचा संगीतविषयक ग्रंथांचा पुरस्कारही मिळाला. चाहते हरखले. कुठल्याही गायकाचे चाहते हरखतात, त्यात नवल ते काय, असे कुणी म्हणेल. मला मात्र या आनंदामागची जखम आधी सांगितली पाहिजे असे वाटते.

एल्विस १६ ऑगस्ट १९७७ रोजी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, आल्बर्ट गोल्डमन यांचे ‘एल्विस’ हे जाडजूड पुस्तक बाजारात आले आणि धडाक्यात खपले. गोल्डमन कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले विद्वान गृहस्थ. औषधांचे व्यसन, सुटलेले शरीर, शयनगृहातल्या गोष्टी, सगळे त्यांनी बाहेर काढले. त्यातले बरेचसे खरेही होते. चाहत्यांना झोंबला तो सूर. दक्षिणेतले गरीब गोरे लोक म्हणजे अडाणी, गावंढळ, आणि त्यांच्यातून आलेल्या माणसाची कला ती काय असणार, हा तुच्छभाव पानापानांतून गळत होता. ग्रील मार्कस या समीक्षकाने तेव्हाच हे नेमके हेरले. हा हल्ला एका गायकावर नसून तो ज्या संस्कृतीतून आला तिच्यावर आहे, असे त्याने कडक शब्दांत लिहिले. सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सच्या तोंडी गोल्डमननी कृष्णवर्णीयांविषयीचा एक घाणेरडा शब्द घातला होता. ज्या मॅरियन कायस्कर यांच्या आठवणीवर ते वाक्य उभे होते, त्यांनी तो शब्द फिलिप्सनी वापरल्याचे साफ नाकारले. पण पुस्तकात छापलेले वाक्य परत कसे घेणार? ते पुढे कितीतरी वर्षे फिरत राहिले.

गुरालनिक बोस्टनचे. ब्लूज, कंट्री आणि सोल गाणाऱ्यांवर त्यांनी आधी पुस्तके लिहिली होती, म्हणजे ज्या मातीतून एल्विस उगवला ती माती त्यांना ठाऊक होती. दोन खंडांना मिळून त्यांनी अकरा वर्षे दिली. पहिला खंड टुपेलोतल्या दोन खोल्यांच्या घरापासून सुरू होतो. एल्विसचा जुळा भाऊ जन्मतःच मेलेला. बापाने डुक्कर विकून मिळालेल्या चेकवरचा आकडा बदलला म्हणून १९३८ मध्ये त्याला पार्चमनच्या तुरुंगात जावे लागले. हेच प्रसंग गोल्डमनच्या हातात थट्टेचा विषय झाले असते. गुरालनिक ते तुमच्या-आमच्या नात्यातल्या घराविषयी सांगावे तसे सांगतात. ५ जुलै १९५४ च्या रात्री मेम्फिसच्या छोट्या स्टुडिओत काहीच जमत नव्हते. विश्रांतीच्या वेळी एल्विसने सहज थट्टेत आर्थर क्रुडपचे एक जुने गाणे सुरू केले आणि सगळे बदलले. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असते, पण त्या खोलीतल्या माणसांना माहीत नसते, आणि लेखक आपल्याला त्यांच्याच बाजूला बसवतो. हा खंड १९५८ मध्ये आईच्या मृत्यूपाशी आणि सैनिक होऊन जर्मनीला निघालेल्या एल्विसपाशी थांबतो.

आता एक गंमत सांगतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९२ मध्ये एल्विसच्या तिकिटासाठी लोकांचे मत घेतले. एका चित्रात कोवळा, मायक्रोफोन धरलेला एल्विस, दुसऱ्यात लास वेगासच्या काळातला, पांढऱ्या पोशाखातला. दहा लाखांहून अधिक मते पडली आणि कोवळा एल्विस भरघोस मतांनी जिंकला. ८ जानेवारी १९९३ ला, त्याच्या जन्मदिवशी, तिकीट निघाले. पहिल्या खंडाचा आनंद मला या मतदानासारखाच वाटतो. जो एल्विस आपल्याला हवा, तोच मिळाला!

खरी परीक्षा १९९९ च्या ‘केअरलेस लव्ह’ची. मतदानात हरलेला एल्विस इथे आहे. भाराभर औषधे, होयबांचा गराडा, व्यवस्थापक कर्नल पार्करचे जुगाराचे कर्ज, रंगमंचावर शब्द विसरणारा गायक. गोल्डमननी सांगितलेले पुष्कळसे इथेही येते. गुरालनिक झाकत नाहीत आणि हसतही नाहीत. मला विचाराल तर दोहोंत हाच खंड मोठा, आणि वाचायला कठीणही. चाहत्याने पहिल्या खंडावर टाळ्या वाजवाव्यात हे सोपे आहे.

हे सगळे गोव्यात बसून मी का लिहितो आहे? एल्विस गेला त्यानंतर बरोबर महिन्याने, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केरीच्या केसरबाई केरकर गेल्या. त्याच काळात निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी आहे. रॉकचे एकच गाणे आहे, तेही चक बेरीचे, एल्विस नाही. पण आपल्या कलावंत घराण्यांतून आलेल्या गायिकांविषयी आपण कसे लिहितो? एकतर जन्माची, देवळाच्या सेवेची आणि ‘यजमाना’ची गोष्ट गाळून थेट तानेवर येतो, नाहीतर कुजबुजत तीच तेवढी चघळतो. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ लिहून स्वतःच्या समाजाविषयी धीटपणे बोलून दाखवले, पण तो धीटपणा गायिकांच्या चरित्रांत फारसा उतरला नाही. नमिता देवीदयाल यांच्या २००७ च्या ‘द म्युझिक रूम’मध्ये केसरबाईंचा करडा स्वभाव आणि गाणे शेजारी शेजारी भेटते, पण ते पुस्तक मुख्यतः त्यांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णींचे आहे. केसरबाईंवर कुणी अकरा वर्षे द्यायची म्हटली, तर केरीपासून मुंबईपर्यंत पुरेल एवढे काम आहे.

गुरालनिक मात्र थांबले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी सॅम फिलिप्सचे चरित्र लिहिले आणि २०२५ मध्ये चाहत्यांनी सर्वांत जास्त शिव्या घातलेल्या माणसाकडे, कर्नल पार्करकडे, ते वळले.